शिंकताना लघवी सुटते? पेल्विक फ्लोअरचा व्यायाम नीट कसा करायचा

खोकला आला, शिंक आली, मोठ्याने हसलं किंवा भरलेली कळशी उचलली की थोडी लघवी सुटते, असं होत असेल तर आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की बाळंतपणं झाली, वय झालं, आता हे असंच चालायचं. असं काही नाही, याला इलाज आहे आणि बऱ्याच जणींना ऑपरेशनशिवाय फरक पडतो. मी फिजिओथेरपिस्ट, गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या बायका माझ्याकडे येतात त्या कंबर दुखते म्हणून, आणि सगळं झाल्यावर दाराशी थांबून हळूच विचारतात, "मॅडम, आणि एक होतं..." ते "आणि एक" म्हणजे हेच. कित्येक वर्षं पॅड लावून काढलेली असतात, घरात कोणाला पत्ता नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे ओटीपोटाच्या खालचं हाड आणि मागे माकडहाड, यांच्यामध्ये स्नायूंची झोळी बांधल्यासारखी असते आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधाराने असतात, हाच पेल्विक फ्लोअर. बाळंतपणात ती ताणली जाते, पुढे पाळी जाणं, वाढलेलं वजन, कायमची बद्धकोष्ठता, जुना खोकला याचीही भर पडते. सिझर झालेल्यांनाही हा त्रास होतो बरं का, गरोदरपणातलं वजन त्यांच्याही स्नायूंनी पेललेलंच असतं.

आता व्यायाम. सगळ्यात जास्त चूक होते ती स्नायू ओळखण्यात, म्हणून इथे घाई नको. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, अंग सैल सोडा. चारचौघांत गॅस अडवताना जसं आवळतो तसं मागून आवळा, मग लघवी अडवल्यासारखं पुढून, आणि दोन्ही मिळून आत आणि वर ओढा. एक हात पोटावर ठेवा, बेंबीच्या वरचा भाग दगडासारखा कडक व्हायला नको, ढुंगण उचलायचं नाही, मांड्या एकमेकींवर दाबायच्या नाहीत, आणि श्वास चालूच ठेवायचा, हवं तर मोठ्याने आकडे मोजा म्हणजे श्वास अडकत नाही. नीट होतंय का ते बघायला हातात छोटा आरसा धरा, योनी आणि गुदद्वाराच्या मधली जागा आत-वर जाताना दिसली पाहिजे. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही खाली जोर लावताय, तसं करत राहिलात तर फायदा सोडाच, उलट त्रास वाढू शकतो, तेव्हा थांबा आणि कोणाकडून तरी शिकून घ्या. लघवी करता करता मध्येच अडवून हा व्यायाम करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागू शकते. आर्नल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा ते नुसते सांगून सोडत नव्हते, दाब मोजायचं यंत्र लावून बाईला स्वतःला दिसेल असं शिकवत होते. व्यायामाच्या व्हिडिओंत हाच भाग राहून जातो.

स्नायू सापडला की आवळून जितके सेकंद जमेल तितकं धरा, सुरुवातीला तीन-चार सेकंदही पुरेत, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, तो गाळू नका. असं 8 ते 10 वेळा, नंतर पटकन आवळा-सोडा असं 10 वेळा, आणि हे सगळं दिवसातून 3 वेळा. हळूहळू 10 सेकंदांपर्यंत न्या, आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची शिफारसही एका वेळी निदान 8 आणि दिवसातून 3 वेळा अशीच आहे, आणि तेही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली निदान 3 महिने. पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडून देणाऱ्या खूप असतात, तिथेच घोळ होतो.

खोकला-शिंक येतेय असं वाटलं की त्याच्या आधी आवळा आणि होईपर्यंत धरून ठेवा. वजन उचलतानाही तसंच. चवथीच्या फुगड्यांत उडी मारायची वेळ आली की लघवी सुटेल म्हणून पाय दुखतात सांगून बाजूला बसणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यांनी दोन-तीन महिने आधी सुरुवात करावी आणि आधी हळू फेर धरून बघावं.

काहींना मात्र खोकल्याने काही होत नाही, घाईची लागते आणि पोचेपर्यंत थांबत नाही, दाराला किल्ली लावतानाच सुटते. अशा वेळी धावू नका. उभ्या असाल तिथे थांबा, बसता आलं तर बसा, चार-पाच वेळा पटपट आवळा, कळ ओसरली की चालत जा. लघवीला जायच्या दोन वेळांमधलं अंतर 10-15 मिनिटांनी वाढवत तीन-साडेतीन तासांवर आणायचं, याला निदान सहा आठवडे द्या. कदंब बस पकडायच्या आधी "असू दे, जाऊन येते" ही सवय कमी करा. आणि पणजीला जायचंय म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं तर नकोच, आपल्या उकाड्यात लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाला आणखी टोचते. चहा-कॉफी कमी करून बघा. संडासला बसल्यावर कुंथू नका, कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडकणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर व्यायामाच्या आधी डॉक्टर. मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर झाला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्नायू सैल नसून घट्टही असू शकतात, त्यांना आणखी आवळून चालत नाही, आधी तपासणी.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), नाहीतर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात गायनॅक ओपीडीला दाखवा आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओ कुठे मिळेल ते तिथेच विचारा. आतून तपासायचं असेल तर तुमची परवानगी लागते, नको असेल तर नाही म्हणा, सोबत कोणाला तरी थांबवा. जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, जुन्या मापाच्या मगमध्ये मोजून किती मिली, आणि कधी, काय करताना सुटली. तोंडाने सांगायला लाज वाटली तर ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवा.