विंचरलेले केस फेकू नका, सूत काता

गोल्डन रिट्रीव्हर किंवा सामोयेड जातीच्या कुत्र्याला विंचरताना फणीत अडकणारा मऊ, कापसासारखा पुंजका कचऱ्यात टाकू नका. त्याचं छान सूत निघतं. त्याला शिएनगोरा म्हणतात. कात्रीने कापलेले केस मात्र नकोत, त्यांची टोकं टोचतात. विंचरून निघालेली आतली लव, बोटाएवढी लांब असेल तर उत्तमच, कापडी पिशवीत कोरडी साठवा. प्लॅस्टिकमध्ये ती कुबटते. धुताना कोमट पाण्यात सौम्य शाम्पू घालून नुसती बुडवून ठेवा. चोळलीत तर गुंता होऊन नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला थर, बनतो, मग कातणं विसराच! हे केस लोकरीसारखे ताणले जात नाहीत, म्हणून निम्मी मेंढीची लोकर मिसळून पिंजा आणि टकळीवर काता. हे सूत फार उबदार असतं, त्यामुळे स्वेटरऐवजी आधी टोपी किंवा मफलर विणा.