स्पर्सचा २०२५-२६ हंगाम: पहिल्या सामन्याआधी काय काय पक्कं करून घ्यायचं

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनिओ स्पर्सचा पहिला सामना २२ ऑक्टोबर २०२५ ला डॅलसमध्ये आहे; आपल्याकडे तेव्हा भाऊबीजेची सकाळ असेल. त्याआधी संघाने काय काय मार्गी लावायचं, त्याची ही हंगामापूर्वीची यादी. लक्ष्य आधी आकड्यांत मांडू. गेल्या हंगामात (२०२४-२५) ३४ विजय, ४८ पराभव आणि पश्चिम विभागात तेरावा क्रमांक. २०१९ नंतर प्लेऑफ (बाद फेरी) नाही. पश्चिमेत गेल्या वेळी दहाव्या जागेला, म्हणजे प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीच्या सामन्यांत) शिरायला, ३९ विजय पुरले. सहाव्या जागेला, म्हणजे थेट प्लेऑफला, ४९ लागले. पाच विजय वाढवायला संघाचा मुख्य खेळाडू वेम्बान्यामा धडधाकट राहिला तरी भागेल. पंधरा वाढवायचे तर खेळाची मांडणी बदलावी लागेल, आणि या संघाने तयारी पंधराचीच करावी.

सर्वांत आधी डॉक्टरांचा विभाग. व्हिक्टर वेम्बान्यामाच्या उजव्या खांद्यातल्या शिरेत रक्ताची गुठळी असल्याचं फेब्रुवारीत कळलं आणि ४६ सामन्यांवर त्याचा हंगाम थांबला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात तोवर धक्काबुक्कीचा खेळ बंद ठेवावा लागतो, कारण साध्या मुक्या मारानेही आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे पळण्याचा दम टिकवता आला, तरी अंगावर येणारा माणूस पेलण्याची सवय सुटते. जुलैत त्याला खेळायची परवानगी मिळाली. उन्हाळ्यात तो चीनमधल्या शाओलिन मठात जाऊन आला, हकीम ओलाजुवान आणि केव्हिन गार्नेट या जुन्या दिग्गजांबरोबर त्याने सरावही केला. आता हंगामाआधीच्या सराव शिबिरात पाच विरुद्ध पाच, पूर्ण अंगझटीच्या खेळाची मिनिटं टप्प्याटप्प्यानेच वाढवावीत. सराव सामन्यांत एकदम तीस मिनिटं खेळवायचा मोह टाळावा. दोन्ही हातांची सूज, जडपणा, त्वचेच्या रंगातला फरक रोज सरावाआधी पाहायचा. लांबच्या विमानप्रवासात एका जागी बसून राहणं गुठळीला पोषक असतं, म्हणून तासाभराने उठून चालणं आणि पुरेसं पाणी हेही सरावाइतकंच सक्तीचं. गेल्या हंगामात तो सरासरी ३३ मिनिटं खेळला. त्यापुढे जाऊ नये. ६५ सामने खेळल्याशिवाय सर्वोत्तम बचावपटूसारख्या पुरस्कारांसाठी विचार होत नाही, हे खरं. पण त्या आकड्यासाठी दमलेल्या वेम्बान्यामाला सलग दोन रात्री खेळवणं महागात पडेल.

चेंडू पुढे आणणारा गार्ड डीॲरन फॉक्स याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला आहे. पहिल्या सामन्यांत तो नसेल असं धरूनच संघ बसवावा. ही दुखापत सरळ धावताना बरी वाटते आणि झटकन थांबताना पुन्हा उसवते. फॉक्सचा सगळा खेळ तर पूर्ण वेगातून अचानक थांबण्यावरच उभा आहे. त्यामुळे पुनरागमनाची कसोटी सरळ रेषेतल्या धावण्याने घेऊ नये. पूर्ण वेगात येऊन दोन पावलांत थांबणं, लगेच मागे सरकणं, हे तीन-चार दिवस सलग केल्यावर दुसऱ्या सकाळी स्नायू आखडत नसेल, तरच हिरवा कंदील. नवोदित गार्ड डिलन हार्परच्या डाव्या अंगठ्यावर सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो डावखुरा आहे. अशा वेळी रिंगकडे मारायच्या फटक्यापेक्षा पासची पकड आधी तपासावी. अंगठ्यात जोर नसला की पळता पळता दिलेला एकहाती पास सुटतो आणि चेंडू समोरच्याच्या हातात पडतो.

आता या हंगामाचा खरा प्रश्न: मोकळी जागा. फॉक्सचा गेल्या वर्षी थ्री-पॉइंटरचा (लांबून मारायच्या तीन गुणांच्या फटक्याचा) नेम ३१ टक्के होता. स्टेफॉन कॅसल सर्वोत्तम नवोदित ठरला, पण त्याचा नेम २८.५ टक्के. हार्पर रटगर्स विद्यापीठाकडून ३३ टक्क्यांवर होता. तिघेही चेंडू हातात असताना उत्तम, चेंडू दुसऱ्याकडे असताना मात्र समोरचे त्यांना मोकळं सोडतात. फॉक्स आणि वेम्बान्यामा गेल्या हंगामात फक्त पाच सामने एकत्र खेळले, त्यामुळे या जोडीची सवयही अजून बसलेली नाही.

प्रतिस्पर्धी काय करतात ते जवळून पाहू. वेम्बान्यामावर ते बऱ्याचदा आपला सेंटर (रिंगजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू) लावतच नाहीत. सहा फूट सात-आठ इंचांचा, जाड मांड्यांचा एखादा फॉरवर्ड त्याच्या कंबरेला खेटून उभा करतात. वेम्बान्यामाची उंची ७ फूट ४ इंच, पण त्या फॉरवर्डचा भार खाली असतो. रेटत रेटत तो त्याला रिंगपासून अठरा-वीस फुटांवर नेऊन सोडतो. मग रिकामा झालेला सेंटर कोणावर? ज्याचा नेम कच्चा त्याच्यावर, कधी जेरेमी सोहान, कधी कॅसल. तोही नावापुरताच, प्रत्यक्षात तो रिंगखाली पहारा देतो. एनबीएच्या नियमाप्रमाणे हाताच्या अंतरावर कुणाला धरल्याशिवाय बचावपटूला पेंटमध्ये (रिंगसमोरच्या चौकटीत) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पण कच्च्या नेमाचा आपला खेळाडू बेसलाइनवर (रिंगमागच्या हद्दीच्या रेषेवर), रिंगच्या बाजूला उभा राहिला, की सेंटरला तो हाताच्या अंतरावर आयता मिळतो. म्हणजे रिंगखाली उभं राहायची परवानगी आपणच त्याला देतो.

म्हणून शिबिराच्या पहिल्या आठवड्यातच ही सवय मोडायची. कच्च्या नेमाच्या खेळाडूने बेसलाइन सोडून वर यायचं आणि चेंडूवाल्याला किंवा नेमबाजाला स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्या पहारेकऱ्याच्या वाटेत उभं राहायचं. स्क्रीन लावणाऱ्याला धरणारा माणूस सेंटर, आणि तो रिंगपाशी खोल बसलेला. त्यामुळे स्क्रीनवरून सुटलेल्या डेव्हिन व्हॅसेलवर धावून येणारा कुणी उरत नाही आणि त्याला स्वच्छ फटका मिळतो. दोनदा असं झालं की सेंटर वर यायला लागतो. मग स्क्रीन लावणाऱ्याने फ्री थ्रोच्या रेषेपाशी वळून पास घ्यायचा. तिथून पुढे चार विरुद्ध तीन, आणि दुसऱ्या बाजूने वेम्बान्यामासाठी रिंगच्या वर उंच पास. साडेसहा फुटांचा आणि पासची नजर असलेला कॅसल या कामाला अगदी योग्य आहे. त्याला फक्त चेंडू घेऊन येणारा गार्ड समजणं म्हणजे त्याचं अर्धं कौशल्य वाया घालवणं.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. स्क्रीन लावणारा घाईने निसटतो, त्यामुळे नेमबाजाचा पहारेकरी अडकतच नाही. फ्री थ्रोच्या रेषेवर पास मिळाल्यावर खेळाडू एखादा ड्रिबल उगाच मारतो, आणि तेवढ्यात चार विरुद्ध तीनचं पुन्हा चार विरुद्ध चार होतं. तिथे निर्णय अर्ध्या सेकंदात हवा. तिसरं, वेम्बान्यामा त्याच बाजूला उभा राहतो, म्हणजे त्याचा एकच माणूस दोघांनाही अडवतो. तो कायम चेंडूच्या उलट बाजूला हवा. सरावात प्रशिक्षकांनी इथे शिट्टी वाजवून खेळ थांबवावा, नुसतं ओरडून चालणार नाही.

समोरचे गार्ड स्क्रीनच्या खालून, म्हणजे स्क्रीन आणि रिंग यांच्या मधून, जाणार हेही धरून चालावं. फॉक्स, कॅसल, हार्पर, तिघांविरुद्धही तेच होईल. रिंगपासून सव्वीस फुटांवर लावलेल्या स्क्रीनखालून जाणं सोपं असतं, कारण पलीकडे पुन्हा समोर यायला भरपूर जागा असते. तोच स्क्रीन अठरा फुटांवर लावला की खालून गेलेला माणूस पुन्हा समोर येईपर्यंत गार्ड पेंटमध्ये पोचलेला असतो. पहिला स्क्रीन वर, आणि समोरचा खाली गेला की लगेच त्याच खेळाडूचा दुसरा स्क्रीन खाली: ही जोडी रोज डाव्या आणि उजव्या बाजूने घोटून घ्यावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे बचाव बसायच्या आत हल्ला. रिबाउंड (चुकलेल्या फटक्याचा चेंडू) घेऊन वेम्बान्यामाला स्वतः चेंडू पुढे नेता येतो. हल्ल्यासाठी मिळणाऱ्या २४ सेकंदांतल्या पहिल्या आठांत रिंगवर चाल झाली तर वरचं सगळं भूमितीचं गणित लागतच नाही.

एकाच वेळी मैदानात तिघांपैकी दोनच गार्ड, हा नियम हंगामाच्या सुरुवातीला पाळावा. तिसरा आणायचा तर वेम्बान्यामाबरोबर व्हॅसेल, हॅरिसन बार्न्स किंवा जुलियन शँपेनी यांच्यापैकी एक पक्का नेमबाज असलाच पाहिजे. बार्न्सने गेल्या हंगामात सर्व ८२ सामने खेळून ४३.३ टक्के थ्री-पॉइंटर टाकले. त्याला कोपऱ्यात उभं करणं सोयीचं वाटतं, तिथे अंतर २२ फूटच आहे. पण चेंडूच्या बाजूच्या कोपऱ्यात तो हवा, कारण तिथून मदतीला निघालेला पहारेकरी परत पोचू शकत नाही.

वेम्बान्यामाच्या स्वतःच्या फटक्यांचीही छाननी हवी. गेल्या वर्षी सामन्यामागे जवळपास नऊ थ्री-पॉइंटर, नेम ३५.२ टक्के. पास घेऊन लगेच मारलेले ठेवावेत. ड्रिबल करत मागे सरकून मारलेले निम्म्यावर आणावेत, कारण तो फटका चुकला की त्याच्या उंचीचा माणूस रिबाउंडपासून पंचवीस फूट लांब असतो. त्याऐवजी फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास रिंगकडे पाठ न करता चेंडू घ्यावा. तिथे खेटून उभ्या फॉरवर्डला ढकलायला जोर मिळत नाही आणि दोघे धावून आले तरी पासच्या चारही वाटा त्याला दिसतात.

अनुभवी गार्ड क्रिस पॉल संघ सोडून गेला, याची भरपाई बाहेरून वाटते तितकी सोपी नाही. वेम्बान्यामाला चेंडू कधी, किती उंच आणि कुठल्या हाताला द्यायचा, ते पॉलला नेमकं ठाऊक होतं. ही जबाबदारी आता वाटून घ्यावी लागेल. प्रत्येक सरावाच्या शेवटी कॅसल, हार्पर आणि फॉक्स यांनी पिक अँड रोलमधून (स्क्रीन लावणारा लगेच रिंगकडे वळतो, ती चाल) उंच पासचा वेगळा सराव करावा, आणि समोर हात वर केलेला माणूस उभा ठेवूनच. मोकळ्या पासचा सराव सामन्यात कामाला येत नाही.

वेम्बान्यामा ३३ मिनिटं खेळला तर १५ मिनिटं उरतात, आणि गेल्या वर्षी संघ अशाच मिनिटांत खचायचा. ल्यूक कॉर्नेटला बॉस्टनहून आणलं ते याचसाठी: चार वर्षं, ४.१ कोटी डॉलर. तो रिंगपाशी खोल बसून बचाव करतो, घट्ट स्क्रीन लावतो आणि चुकलेले फटके परत मिळवतो. त्याच्याबरोबर कायम एक पक्का गार्ड आणि दोन नेमबाज ठेवावेत. केल्डन जॉन्सनचा दणकट खेळ याच तुकडीत शोभतो. केली ओलिनिक टाचेच्या शस्त्रक्रियेतून बरा होईपर्यंत समोरच्या सेंटरला रिंगपासून बाहेर ओढणारा सेंटर नाही, हे लक्षात ठेवून मिनिटं वाटावीत. वेम्बान्यामा आणि कॉर्नेट एकत्र, ही जोडीही सामन्यात पाचेक मिनिटं तपासून ठेवावी. ओक्लाहोमा सिटीकडे होल्मग्रेन आणि हार्टेनस्टाइन आहेत, ह्यूस्टनकडे शेंगुन आणि ॲडम्स. त्यांच्यासमोर ती लागणारच.

बचावाचं सूत्र साधं आहे: वेम्बान्यामा रिंगच्या जितका जवळ, तितकं बरं. सामन्यामागे ३.८ ब्लॉक (हवेतच अडवलेले फटके) हा आकडा मोठाच, पण त्याला पाहून मागे फिरलेले हल्ले कुठेच मोजले जात नाहीत. धोका असा की तो ब्लॉकसाठी उडाला की मागे रिबाउंडला कुणी नसतं. तो उडताक्षणी उलट बाजूच्या गार्डने समोरच्या सेंटरला पाठीने अडवायचं. रिबाउंड मिळाला नाही तरी चालेल, पण सेंटरला आत शिरू द्यायचं नाही. डॅलसहून आलेले सहप्रशिक्षक शॉन स्वीनी बचावाचे जाणकार मानले जातात. मुख्य प्रशिक्षक मिच जॉन्सन यांनी ती बाजू त्यांच्याकडे मोकळेपणाने सोपवावी. आधीचे मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच १३९० विजयांनंतर मे महिन्यात पदावरून उतरले. गेल्या हंगामात त्यांच्या गैरहजेरीत जॉन्सन यांनी ७७ सामने हंगामी प्रशिक्षक म्हणून सांभाळले, आता मात्र स्वतःची पद्धत बसवायला त्यांच्याकडे पूर्ण शिबिर आहे.

वेळापत्रकात दोन खुणा करून ठेवाव्यात. २६ आणि २७ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर सलग दोन सामने. तिथे मिनिटांची शिस्त लगेच कसाला लागेल. फेब्रुवारीत रोडिओमुळे (घोडे-बैलांच्या कसरतींच्या मेळ्यामुळे) घरचं मैदान सुटतं आणि संघ लांबच्या दौऱ्यावर जातो. त्याआधी बेंचवरच्या प्रत्येकाला ठरलेली भूमिका मिळालेली हवी. आपल्याकडे पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सॅन अँटोनिओत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना ऑक्टोबरमध्ये पहाटे साडेपाचला दिसतो, आणि २ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसहाला.

राहिला व्यवहार. अटलांटाकडून २०२७ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतली, पहिल्या फेरीची निवड बिनशर्त मिळणार आहे आणि २०२६ ला निवडींच्या अदलाबदलीचा हक्कही आहे. फॉक्सचा चार वर्षांचा २२.९ कोटी डॉलरचा करार २०२६-२७ पासून लागू होईल, वेम्बान्यामाशी वाढीव करार २०२६ च्या उन्हाळ्यात करता येईल. त्यामुळे नेमबाज फॉरवर्ड हवा असला तरी नोव्हेंबरमध्ये घाई नको. फॉक्स परतल्यानंतरचे किमान पंचवीस सामने तिन्ही गार्ड एकत्र किती मिनिटं टिकतात ते मोजावं, वेम्बान्यामासह आणि त्याच्याशिवाय वेगवेगळं, आणि खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या ५ फेब्रुवारी २०२६ च्या मुदतीआधी अटलांटाची निवड खर्चायची की नाही ते त्या आकड्यांवर ठरवावं.