लेझरनं चष्मा घालवायचा की नाही, हे कसं ठरवावं

मराठवाड्यात डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की आधी मोतीबिंदू आठवतो. गावोगावची शिबिरं, काळा चष्मा लावून ओसरीवर बसलेली आजी, आणि लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव. मोतीबिंदू पिकला की ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. चष्मा घालवण्याच्या लेझरचं तसं नाही. डोळा निरोगी असतो, चष्मा लावला की स्वच्छ दिसतं, आणि तरी आपण त्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालेलो असतो. त्यामुळे इथं घाईला काही कारण नाही, आणि तपासणीनंतर आलेलं ‘नको’ हेही चांगलं उत्तर असतं.

मी लातुरात नंबर तपासतो, चष्मे बनवून देतो. अकरावी-बारावीला इथं शिकायला आलेली पोरं, भरतीची तयारी करणारी पोरं, लेकीच्या लग्नाच्या चिंतेत असलेल्या आया, सगळ्यांचा प्रश्न एकच: लेझर करून टाकू का? योग्य डोळ्यावर केलेलं लेझर फार चांगला परिणाम देतं, बहुतेक जण समाधानी असतात, हे मी आधीच सांगतो. पण डोळा योग्य आहे की नाही, हे तपासणीनं ठरतं. ऑफरच्या शेवटच्या तारखेनं किंवा लग्नाच्या मुहूर्तानं ते ठरत नाही. खालच्या क्रमानं गेलात तर दवाखान्यात पाऊल टाकण्याआधीच अर्धा निर्णय झालेला असेल.

आधी जुनी कार्डं शोधा

घरातले नंबरचे जुने कागद काढा. मागच्या दोन-तीन वर्षांचे मिळाले तर उत्तम. वय १८ पूर्ण हवं आणि गेल्या वर्षभरात नंबर ०.५० पेक्षा जास्त हललेला नको. कार्डं सापडली नाहीत तर ज्या दुकानातून चष्मा घेतला तिथं विचारा, बहुतेकांकडे नोंद असते.

बारावीतल्या मुलाचा नंबर दरवर्षी पाऊण-एकनं वाढत असेल तर आज लेझर करून काही मिळणार नाही. लेझर आजचा नंबर काढतं, वाढ थांबवत नाही. वर्ष-दोन वर्षांत चष्मा परत येईल आणि कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मात्र वापरून झालेली असेल. कित्येकांचा नंबर एकविशी-बाविशीपर्यंत हलत राहतो. थांबण्यात नुकसान काहीच नाही.

कशासाठी हवंय, ते स्पष्ट करा

भरती हे कारण असेल तर आधी जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा, मग दवाखाना गाठा. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या पदासाठी लेसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेझर, करून घेतलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे नोकरीसाठी म्हणून केलेली शस्त्रक्रियाच नोकरीची वाट बंद करते. सैन्यदलांत काही प्रवेशांना लेझर चालतं, पण वय किती, शस्त्रक्रियेला किती महिने झाले, कॉर्नियाची जाडी किती उरली, डोळ्याची लांबी किती, अशा अटी असतात. काही प्रवेशांना ते मुळीच चालत नाही. लपवून जमेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कॉर्नियाचा नकाशा काढला की झालेलं लेझर दिसतं.

लग्नाचं कारण सांगणाऱ्यांशी मला जरा सविस्तर बोलावं वाटतं. स्थळ यायला लागलं म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते. बोलते आई, मुलगी गप्प असते. डोळे तिचे आहेत, ऑपरेशनच्या टेबलावर तिला झोपायचंय, तेव्हा तिला एकटीला विचारा. तिला मनापासून हवं असेल आणि डोळा योग्य असेल तर जरूर करा. तिला चष्म्याची काहीच अडचण नसेल, तर चष्मा न चालणाऱ्या घरासाठी तिच्या निरोगी डोळ्यावर शस्त्रक्रिया करू नये, असं माझं ठाम मत आहे. दुसरं, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, डोळे कोरडे पडतात. त्या काळात लेझर करत नाहीत.

काम कोणतं करता, हेही पाहा. ट्रक, ट्रॅव्हल्स किंवा रात्रपाळीची गाडी चालवणाऱ्याला समोरच्या दिव्यांभोवती वलय दिसणं, उजेड फाकणं, हे त्रास सुरुवातीच्या महिन्यांत जाणवू शकतात. बहुतेकांचे ते कमी होतात, काहींचे थोडे राहतात. ऊसतोडीला जाणारा, कुस्ती किंवा कबड्डी खेळणारा असेल तर डोळ्याला मार लागण्याची शक्यता धरूनच पद्धत निवडावी लागते. ते पुढे सांगतो.

चाळिशी जवळ आली असेल तर

हा मुद्दा कुणी सांगितलेलाच नसतो, म्हणून नीट वाचा. चाळिशीनंतर जवळचं वाचायला जो चष्मा लागतो, तो डोळ्याच्या आतलं भिंग ताठर झाल्यामुळे. लेझर कॉर्नियावर होतं, आतल्या भिंगावर नाही. उणे अडीच-तीन नंबर असलेले गुरुजी आज चष्मा कपाळावर ढकलून पेपर वाचतात. लेझरनंतर त्यांना लांबचा फळा स्वच्छ दिसेल, पण पेपरसाठी चष्मा लावावा लागेल. त्यांचा एक चष्मा जाईल आणि दुसरा येईल. काही डॉक्टर एक डोळा लांबसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याचा पर्याय देतात. तो सगळ्यांना मानवत नाही. आधी तशा नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस वावरून बघा आणि मगच हो म्हणा.

डोळे चोळायची सवय आहे का?

आपल्याकडचा उन्हाळा, धूळ आणि कोरडी हवा यांमुळे डोळे खाजणारी मुलं खूप दिसतात. ती डोळे दोन्ही मुठींनी खसाखसा चोळतात. या चोळण्याचा केराटोकोनस नावाच्या दुखण्याशी संबंध आहे. त्यात कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढं येतो. अशा डोळ्यावर लेझर केलं तर आधीच कमकुवत असलेला कॉर्निया आणखी कमकुवत होतो आणि नजर कायमची बिघडू शकते.

सिलिंडरचा, म्हणजे कागदावर CYL लिहिलेला, नंबर पटापट वाढतोय, नवीन चष्म्यानंही स्वच्छ दिसत नाही, घरात कुणाला केराटोकोनस आहे, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. खाज असेल तर आधी ॲलर्जीचा इलाज घ्या आणि चोळणं पूर्ण बंद करा. लेझरचा विचार त्यानंतर.

तपासणी नीट करून घ्या, तिचे पैसे वाचवू नका

सगळा निर्णय या टप्प्यावर आहे. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, घड्याळावरच्या काचेसारखा. लेझर त्याचाच थोडा भाग काढून आकार बदलतं. काढलेला भाग परत येत नाही, म्हणून मुळात जाडी किती आणि शेवटी उरणार किती, हा हिशेब महत्त्वाचा.

हिशेब तुम्हालाही करता येतो. कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेसिकमध्ये आधी साधारण ११० मायक्रॉनची पातळ चकती उचलतात आणि तिच्याखाली लेझर चालवतात. एका नंबरमागे ढोबळमानानं १५ मायक्रॉन जातात. उणे ५ नंबर असेल तर ७५ गेले. ५४० मधून ११० आणि ७५ वजा केले की ३५५ उरतात, ते पुरेसे आहेत. आता दुसरा डोळा घ्या: जाडी ४९०, नंबर उणे ८. त्यातून ११० आणि १२० वजा केले की २६० उरतात. खाली किमान २५० उरलेच पाहिजेत आणि बरेच सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत. ‘२६० म्हणजे बसतंय की’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून दुसरं मत घ्या. पुढं नंबर थोडा परत आला तर पुन्हा लेझर करायलाही जागा उरलेली नसते.

जाडी पुरेशी असली तरी आकार बिघडलेला असू शकतो. म्हणून पेंटाकॅमसारख्या यंत्रावर कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा नकाशा काढतात. ही तपासणी न करता लेझरची तारीख देणारा दवाखाना सोडून द्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी त्या बंद ठेवाव्या लागतात: मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स किमान तीन-चार आठवडे. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार दबतो आणि मोजमाप चुकतं.

डोळ्यात ओल किती आहे, तेही पाहतात. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी लावून पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा चांगलाच कोरडा आहे. चकती कापताना कॉर्नियातले बारीक मज्जातंतू तुटतात आणि त्यानंतर काही महिने डोळा आणखी कोरडा पडतो. मुळात कोरड्या डोळ्याला हा काळ फार जड जातो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यांनीही डोळे कोरडे पडतात. आटोक्यात नसलेला मधुमेह, संधिवातासारखे आजार, काचबिंदू, पूर्वी झालेली नागीण, काहीच लपवू नका.

शेवटी थेंब टाकून डोळ्याचा मागचा पडदा तपासतात. मोठा उणे नंबर असलेला डोळा लांबट असतो आणि त्याचा पडदा ताणलेला असतो. लेझरनं नंबर जातो, पण डोळ्याची लांबी तीच राहते. म्हणून चष्मा गेल्यावरही दरवर्षी पडदा तपासून घ्या. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूनं पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा तपासणीला मोटारसायकलवर एकटे जाऊ नका.

पद्धत कोणती?

नावं भरपूर ऐकायला मिळतील, पण मुळात प्रकार तीनच. लेसिकमध्ये चकती उचलतात. दुसऱ्या दिवशीच चांगलं दिसायला लागतं आणि दुखणं कमी असतं. पण चकती पूर्वीसारखी घट्ट चिकटत नाही, पुढं जोराचा मार लागला तर ती सरकू शकते. स्माइलमध्ये चकती नसते, बारीक छेदातून आतला पातळ थर काढतात. पीआरकेमध्ये वरची त्वचा बाजूला करून थेट लेझर चालवतात. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, पाणी येतं, नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. पण चकतीची भीती नसते. पाचटाचं पातं कधीही डोळ्यात जाऊ शकतं अशा माणसासाठी किंवा मल्लासाठी मला पीआरके जास्त सुरक्षित वाटतं. पीआरकेनंतरचे स्टिरॉइडचे थेंब मात्र मेडिकलमधून परस्पर आणून वाढवत राहू नका. त्यानं डोळ्यातला दाब वाढतो आणि ते कळतही नाही.

डॉक्टरांना थेट विचारा: माझ्या डोळ्यासाठी हीच पद्धत का? शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करणार का? नंतर नंबर उरला तर काय कराल? शांतपणे उत्तर देणारा डॉक्टर निवडा.

खर्च

पद्धत आणि शहर यांनुसार दोन्ही डोळ्यांचा खर्च हजारांत सुरू होऊन लाखाच्या पुढेही जातो. आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबरचा खर्च धरत नाहीत, तेव्हा विम्याच्या भरवशावर राहू नका. प्रवास, सोबतच्या माणसाचा खाडा, थेंब आणि नंतरच्या फेऱ्या हिशेबात धरा. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर करण्याइतकी ही गोष्ट निकडीची नाही.

दिवस कोणते धरावेत

नांदेडचे लोक हैदराबादला जातात, लातूर-धाराशिवचे सोलापूर-पुण्याला, जालना-बीडचे छत्रपती संभाजीनगरला. कुठंही जा, पण दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवू नका, म्हणजे एक मुक्काम धराच. मग आठवड्यानं, महिन्यानं आणि तीन महिन्यांनी पुन्हा जावं लागतं. निघण्याआधी एवढं ठरवून ठेवा: डोळा अचानक दुखायला लागला, लाल झाला, धूसर दिसू लागलं, तर आपल्या गावाजवळ कोण बघेल?

पहिले काही आठवडे धूळ, पाण्याचे शिपके आणि चोळणं टाळायचं असतं. शेतात राबणाऱ्यानं सोयाबीनची काढणी आणि तुरीची रास उरकल्यावर, हरभऱ्याच्या काढणीआधी मोकळे दिवस बघावेत. रंगपंचमी, गुलाल उधळणारी मिरवणूक, हळद आणि अक्षता असलेली लग्नसराई यांच्या तोंडावर तारीख घेऊ नका. एप्रिल-मेच्या झळांत कोरड्या डोळ्यांचा त्रास वाढतो, तो काळही शक्यतो सोडा.

उत्तर ‘नाही’ आलं तर, आणि ‘हो’ आलं तरी

कॉर्निया पातळ आहे किंवा नंबर फार मोठा आहे म्हणून नकार आला, तर डोळ्याच्या आत बसवायच्या आयसीएल लेन्सबद्दल विचारा. ती काढता येते, पण तीही शस्त्रक्रियाच आहे आणि महाग आहे. केराटोकोनस निघाला तर लेझरचा विषय कायमचा सोडा. तो वाढू नये म्हणून क्रॉस-लिंकिंगचा उपचार करतात, त्याला उशीर करू नका. वेळेत सापडला, हा त्या तपासणीचा मोठा फायदाच आहे.

शस्त्रक्रिया झाली तर आधीचा नंबर, कॉर्नियाचे नकाशे आणि नंतरचा नंबर, या सगळ्याच्या प्रती मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवा. साठीनंतर मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचं गणित लेझर झालेल्या डोळ्यात अवघड जातं. तेव्हाच्या डॉक्टरांना या जुन्या कागदांची फार मदत होते. फोनमध्येही एक फोटो ठेवा आणि फाइल कुठं आहे ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.