कुंडीतला वाळा: होनोलुलूत ओळखायचा कसा, अडवायचा कसा

हवाई बेटांवरच्या होनोलुलूत कुंडी उचलली आणि खालच्या ओल्या मातीत काळपट, चकचकीत, सुतळीएवढं काही वळवळलं, तर मारायची घाई करू नका. बहुतेक वेळा ते गांडूळ असतं. नसलं तर तो वाळा. आपल्याकडच्या मातीत सापडणारा हाच आंधळा साप, शास्त्रीय नाव इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस. हवाईत जमिनीवरचा एकही साप मूळचा नाही, आणि तिथे पाय रोवलेला जमिनीवरचा साप हा एकटाच. १९३० मध्ये तो होनोलुलूत पहिल्यांदा सापडला. फिलिपिन्सहून आणलेल्या झाडांच्या मातीतून आला असावा, असं मानतात.

इतका बारका जीव जगभर पसरला त्याचं एक मोठं कारण: याच्यात नर नसतात. मादी एकटीच अंडी घालते, त्यातून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे एका कुंडीतून एक साप जरी नव्या बागेत गेला, तरी वसाहत उभी राहायला तेवढा पुरतो. म्हणून कुंडी हलवण्याआधी तपासायची. हलवल्यावर तपासून उपयोग नाही.

आधी ओळख पटवा

हाताने ओढू नका, अंग नाजूक असतं. जाड कागद खाली सरकवून अलगद उचला आणि ओल्या टिश्यूवर, पांढऱ्या बशीत ठेवा. तापलेल्या सिमेंटवर सोडलात तर तो वाळून मरेल.

आता हालचाल बघा. गांडूळ आखडतं, लांबतं, मागे बुळबुळीत माग सोडतं. वाळ्याची लांबी बदलत नाही. तो नागमोडी वळसे घेत भराभर सरकतो आणि अंग कोरडं राहतं. गांडुळाच्या अंगावर वळ्या दिसतात, बऱ्याचदा एक जाडसर पट्टाही असतो. वाळ्याचे खवले इतके बारीक आणि गुळगुळीत असतात की नुसत्या डोळ्यांना अंग घोटलेलं वाटतं. दहापट भिंग धरलं की खवले दिसतात, आणि डोक्यावर खवल्याखाली झाकलेले दोन काळे ठिपके. तेच डोळे. त्यांनी त्याला उजेड-अंधार एवढंच कळतं. कोणतं टोक डोकं हे कळत नसेल तर थोडं थांबा. जीभ लवलवेल ते डोकं. शेपूट बोथट, टोकाला बारीकसा काटा. पकडल्यावर तो हा काटा टोचल्यासारखा करतो, वासाचा द्रवही सोडतो. काट्यात विष नसतं, आणि तोंड इतकं लहान असतं की माणसाला तो चावू शकत नाही. कात टाकायच्या आधी अंग निळसर-राखाडी दिसतं. त्याला दुसरी जात समजू नका.

पूर्ण वाढ साधारण १० ते १७ सेंटिमीटर. याहून लांब, मानेपासून वेगळं उठून दिसणारं डोकं किंवा मोठे डोळे दिसले, तर तो वाळा नव्हे. मग अंतर ठेवून फोटो काढा, त्याच्यावर नजर ठेवा आणि लगेच राज्याच्या कृषी खात्याच्या ६४३-७३७८ या नंबरवर कळवा. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर बाहेरून आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने जंगली पक्षी जवळजवळ संपवले. हवाईत तीच धास्ती आहे.

कुंडी कशी तपासायची

पाऊस पडून गेल्यावर किंवा भरपूर पाणी घातल्यावर तपासा, तेव्हा साप वर येतात. पहिली नजर कुंडीच्या तळाला: पाणी जायचं भोक हाच त्यांचा दरवाजा. मग झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. साप सहसा मुळांचं जाळं आणि कुंडीची भिंत यांच्या मधल्या फटीत असतो. मातीत मुंग्या किंवा वाळवी असेल तर दुप्पट लक्ष द्या. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष हेच त्याचं अन्न.

शंका असेल तर कुंडी बादलीत ठेवून पाणी मातीच्या २-३ सेंटिमीटर वर येईल इतकं भरा आणि अर्धा तास बसून बघा. साप वर येतो, अंडी मात्र आतच राहतात. इथेच बहुतेकांची चूक होते: साप निघाला म्हणून कुंडी स्वच्छ झाली असं धरून चालतात. अंडी पांढरी, लांबट, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखी. एका वेळी एकापासून सात-आठपर्यंत. खात्रीचा उपाय मुळं पूर्ण धुण्याचा आहे. सगळी माती झाडून, मुळं वाहत्या पाण्याखाली धुऊन, नव्या मिश्रणात झाड लावा. जुनी माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि तिथेच वापरा. दुसऱ्या बागेत देऊ नका.

कीटकनाशक ओतू नका. मुंग्या मरतील, पण अंडी वाचतील आणि जमिनीतून नवे साप येतच राहतील. मिठाने झाडच जातं.

पुन्हा शिरू नये म्हणून

कुंड्या मातीवर टेकवू नका; जाळीच्या स्टँडवर, जमिनीपासून हातभर वर ठेवा. भोकावर १ मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी बसवा. खापराचा तुकडा पुरत नाही, त्याच्या कडेने साप सहज शिरतो. कुंड्यांखाली कापड अंथरायची पद्धत आहे, ती टाळा: कापडाखाली ओल धरते, मुंग्या येतात, आणि मग साप.

झाड दुसऱ्या बेटावर न्यायचं असेल तर आधी खात्याकडून तपासून घ्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हवाईची माती न्यायला बंदीच आहे.

बागेच्या जमिनीत सापडलेला वाळा मात्र तिथेच पाचोळ्याखाली सोडून दिला तरी चालतो. जमिनीतून त्याला काढून टाकण्याचा उपाय हाती नाही, आणि माणसाला त्याचा त्रासही नाही.