मनातल्या मूर्ती : या चुका टाळा

मूर्तिपूजेवर प्रवचन सुरू झालं की आपल्या ख्रिस्ती मंडळीत बहुतेक जण निर्धास्त बसतात. घरात देव्हारा नाही, गणपतीची वर्गणी दिली तरी आरतीला उभं राहत नाही, म्हणजे दहा आज्ञांपैकी मूर्तिपूजेबद्दलच्या पहिल्या दोन आज्ञांत आपण पास! पहिली चूक इथंच होते. यहेज्केल संदेष्ट्यापुढे येऊन बसले होते ते इस्राएलचेच वडील होते आणि देवाचं वचन ऐकायला आले होते. त्यांनी आपल्या मूर्ती मनात मांडल्यात, असं देवानं सांगितलं ते त्यांच्याबद्दल (१४:३). योहानाचं पहिलं पत्रही मूर्तींपासून दूर राहा म्हणूनच संपतं, आणि ते लिहिलंय विश्वासणाऱ्यांना. शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवून हा विषय मिटत नाही. (शेजाऱ्याची श्रद्धा हिणवून तर नाहीच. त्यात पूजा होते ती आपल्याच मोठेपणाची.)

फक्त वाईट गोष्टींत शोधणं

दारू, मटका, मोबाइल ही यादी सगळ्यांना पाठ आहे. पण मनात जागा अडवून बसते ती बहुतेक वेळा चांगली गोष्ट. अब्राहामाचा मुलगा इसहाक देवानंच दिलेला होता, आणि अब्राहामाची परीक्षा त्याच्यावरूनच झाली. आमच्या बेळगाव भागात ती गोष्ट म्हणजे पोरीची मेडिकलची सीट, टिळकवाडीतला फ्लॅट, खानापूर रोडचा प्लॉट, नाहीतर कारखान्याकडे अडकलेलं उसाचं बिल. कलस्सैकरांस ३:५ मध्ये पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो.

मग ओळखायचं कसं? पैसा आणि वेळ कुठं जातो ते बघा, असं सांगतात. तेवढ्यानं भागत नाही. आजारी आईवर दोन्ही खर्च होतात, म्हणून ती काही मूर्ती ठरत नाही. माझ्या मते राग, भीती आणि खोटं या तीन जागा तपासाव्यात. कशाला धक्का लागला की आवाज चढतो? काय हातचं जाईल म्हणून झोप उडते? कशापायी आपण सहज खोटं बोलतो? नीटचा निकाल लागतो, मार्क कमी पडतात, घरात कुणी त्या पोरीशी धड बोलत नाही. रविवारी तिला देवळात (म्हणजे चर्चमध्ये) आणत नाहीत, आणि कुणी विचारलंच तर आई म्हणते, "ताप आलाय तिला." तिन्ही खुणा एका घरात, एकाच आठवड्यात. आणि पोरगी अभ्यासात कमी पडली हा त्यातला सगळ्यात छोटा प्रश्न.

याच घरात निकालाआधी उपास-प्रार्थना झालेली असते, हेही बघण्यासारखं आहे. सोन्याचं वासरू केल्यावर मोशेचा भाऊ अहरोन यानं जाहीर केलं ते "उद्या परमेश्वराचा सण" असं (निर्गम ३२:५). नाव परमेश्वराचं, समोर वासरू. सीटसाठी प्रार्थना जरूर करावी. पण सीट मिळाली नाही तर प्रभूशी अबोला धरणार असू, तर इतके दिवस प्रार्थना नेमकी कुणाची चालली होती?

भाषेचा विषय टाळणं

यावर आमच्याकडे पुलपिटवरून फारसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासून हा भाग धुमसतोय. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिवस. त्याची धग देवळाच्या पायरीवर थांबेल असं समजणं भाबडेपणा आहे. मराठी उपासनेला सकाळची सोयीची वेळ की कानडीला, यावर कमिटीत जेवढा घसा कोरडा होतो तेवढा सुवार्तेसाठी होत नाही. संयुक्त उपासनेत कानडी गीत लागलं की एखादे काका हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत उभे राहतात. गीत त्यांना येत असतं, चालही तीच असते.

मराठीवर प्रेम असणं, सीमाप्रश्नावर ठाम मत असणं याला मी मूर्तिपूजा म्हणणार नाही. पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या भाषेत ऐकलं, आणि प्रकटीकरण ७:९ मध्ये सिंहासनापुढच्या लोकसमुदायातही सगळ्या भाषांचे लोक आहेत. भाषा हे देणं आहे. बिघडतं कुठं, तर प्रभुभोजनाला शेजारी गुडघे टेकणारा माणूस आधी कानडी आणि मग भाऊ वाटायला लागतो तेव्हा. त्याच्या घरी मयत झाली आणि आपण गेलो नाही, तर कारण प्रामाणिकपणे सांगता येईल का? कानडी भावंडांनी हाच प्रश्न आपल्या बाजूनं विचारून बघावा.

इलाज म्हणून घरचं मराठी शास्त्रवाचन सोडायची गरज नाही. एक कानडी गीत पाठ करा, त्या घरी जेवायला जा, त्यांना बोलवा. मत तसंच राहील. द्वेषाला मात्र खायला मिळणार नाही.

जुन्याच्या अभिमानाला भक्ती समजणं

लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं आणि १९०४ साली मेथडिस्ट पंथाकडे आलं. "आमचे पणजोबा मिशनच्या काळातले" हे सांगताना छाती फुगणं स्वाभाविक आहे. पण आजोबांच्या बाकावर नवखं कुटुंब बसलं म्हणून कपाळाला आठी पडत असेल, तर हिज्कीया राजा आठवावा. मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळी साप त्याच्या काळापर्यंत जपलेला होता. लोक त्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीयानं त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४).

काढून टाकणं, पण जागा रिकामी ठेवणं

ईस्टरआधीच्या उपासकाळात चाळीस दिवस सोडायचं आणि ईस्टरच्या सोमवारी दुप्पट धरायचं, हा अनुभव नवा नाही. मत्तय १२ मधलं झाडून-पुसून रिकामं ठेवलेलं घर आठवा : गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत आला. नुसत्या निर्धारानं मूर्ती हलत नाही. ख्रिस्तानं आपल्याला आधीच स्वीकारलंय हे मनात मुरलं, की सीटनं, प्लॉटनं, आडनावानं आपली किंमत ठरवायची गरज कमी होते. त्यासाठी रोजचं वचन, प्रार्थना आणि मंडळीची संगत याला पर्याय मला तरी ठाऊक नाही. सारखं स्वतःचं मन उकरत बसू नका, तोही एक छंद होऊन बसतो.

आणि हे कुणा एकाला तरी सांगा, याकोबाच्या पत्रात ५:१६ ला तसंच म्हटलंय. पाळकसाहेबच हवेत असं नाही. फक्त ज्याच्या मनात तीच मूर्ती आहे त्याच्याकडे जाऊ नका. प्लॉटची चिंता प्लॉटवाल्याला सांगितली, तर तो प्रार्थना करायचं सोडून चालू भाव सांगेल.