वडिलांच्या पश्चात वारसनोंद कशी करावी आणि सही करण्यापूर्वी काय वाचावे

नाशिकच्या रामकुंडावर दहावा होतो, घरी पंगती उठतात आणि सगळी भावंडे जमलीच आहेत तर कागदांचेही उरकून घेऊ, असे कोणीतरी म्हणते. माझ्या नात्यातील एका बहिणीला अशाच वेळी आधार कार्ड घेऊन दुसऱ्या दिवशी तालुक्याला यायला सांगितले गेले. आपण निफाडच्या द्राक्षबागेला वारस म्हणून नाव लावण्यासाठी सही करतो आहोत, अशी तिची समजूत होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘हक्कसोडपत्र’, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा दस्त, असे लिहिलेले तिने घरी परतल्यावर वाचले. वारसनोंद आणि हक्कसोड ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करावी. ती 21 दिवसांच्या आत, शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे करायची असते. दाखला हाती येताच त्यावरील नाव सातबाऱ्यावरील नावाशी अक्षर न अक्षर ताडून पाहावे. एका कागदावर रामभाऊ आणि दुसऱ्यावर रामचंद्र असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

यानंतर वारसांची यादी करावी, आणि चुका बहुतेक इथेच होतात. मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पुरुषाच्या स्वतःच्या मालमत्तेवर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांचा सारखा हक्क असतो. ही आई, म्हणजे घरातील आजी, यादीतून हटकून राहून जाते. आधीच वारलेल्या मुलाची पत्नी व मुले, तसेच वारलेल्या मुलीची मुलेही वारस असतात. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत तिला 9 सप्टेंबर 2005 पासून मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, त्यामुळे सुरगाणा-पेठकडील आदिवासी कुटुंबांनी वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

मग ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व नाते नमूद केलेले प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येक गटाचा सातबारा व आठ-अ, म्हणजे खातेउतारा, जोडावा. वारसांची नोंद आधी गाव नमुना 6-क मध्ये होते, मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे नावातील बदलाची नोंद, धरला जातो, नोटिसा निघतात आणि हरकतीसाठी 15 दिवस मिळून कोणाची हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पंचवटीतील वाड्यासारख्या, नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेल्या मिळकतीची वारसनोंद मात्र नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर करावी लागते. घरपट्टीवर नाव लावणे हे निराळे काम आहे आणि त्याने मालकी सिद्ध होत नाही.

नवा सातबारा मिळाल्यावर तो शांतपणे वाचावा. बहिणींची नावे भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, सदरात न घालता ‘इतर हक्क’ या सदरात टाकण्याची जुनी सवय अजून पूर्णपणे गेलेली नाही. तसे आढळल्यास लगेच लेखी हरकत घ्यावी, आणि नोंद प्रमाणित झाली असेल तर आदेशाच्या तारखेपासून 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. सातबारा हा मुळात महसुलाचा अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, परंतु केवळ नाव राहून गेले म्हणून कोणाचा वाटा बुडत नाही आणि नाव लागले म्हणून वाटणीही होत नाही.

बँकेतील ठेवींबाबत असाच गैरसमज आहे. नॉमिनीला बँक रक्कम देते, पण तो ती सर्व वारसांच्या वतीने स्वीकारत असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही नॉमिनी मालक ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी दिला. आयुर्विम्यात मात्र 2015 पासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास ती रक्कम त्यांचीच होते.

हक्कसोडपत्राचा विषय निघाला, तर मसुदा घरी मागून घ्यावा, किमान दोन दिवस जवळ ठेवावा आणि समोरच्या पक्षाचा नाही असा वकील गाठून त्याच्याकडून तो वाचून घ्यावा. कोणते गट नंबर सोडले जात आहेत, हक्क नेमका कोणाच्या नावे जातो आहे आणि मोबदला मिळाल्याचे लिहिले असल्यास तो खरोखर मिळाला आहे का, हे तीन मुद्दे बोट ठेवून तपासावेत. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून जमिनीवरचा हक्क सुटत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो, आणि नोंदवलेला दस्त केवळ मन बदलले म्हणून रद्द होत नाही. फसवून सही घेतली असेल, तर ती फसवणूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा लावता येतो. माझ्या त्या बहिणीने पहिले पान वाचले ती तारीख वहीत लिहून ठेवली आहे.