ॲल्युमिनियम आणि आम्ल: इनहिबिटर तपासताना या चुका टाळा

ॲल्युमिनियमवर इनहिबिटर (आम्लात धातूचे क्षरण, म्हणजे झीज, रोखणारे रसायन) चालला नाही अशी तक्रार येते, तेव्हा दोष बऱ्याचदा रसायनात नसून चाचणीत असतो. उलटही घडते. ९५ टक्के संरक्षणाचा आकडा निव्वळ घाईतून आलेला असू शकतो. इथे १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातली वजनघटीची चाचणी धरली आहे, म्हणजे इनहिबिटर असताना आणि नसताना पट्टीचे वजन किती घटते याची तुलना.

सगळ्यात महागात पडते ती आम्ल कमी घेण्याची चूक. ४ × २.५ सेंमीची, १ मिमी जाडीची पट्टी १०० मिली आम्लात सोडली जाते. पट्टीचे वजन सुमारे २.७ ग्रॅम. एक मोल ॲल्युमिनियम तीन मोल आम्ल खातो, त्यामुळे ०.९ ग्रॅम धातू विरघळला की १०० मिलीतले सगळे आम्ल संपते. ०.३ ग्रॅम गेला तरी एक तृतीयांश आम्ल खर्ची पडलेले असते. हे आधी घडते ब्लँकमध्ये, म्हणजे इनहिबिटर न घातलेल्या बीकरमध्ये. तिथली क्रिया मंदावते आणि इनहिबिटर आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतो. शिवाय या क्रियेत उष्णता निघते. छोटा बीकर तापला की ब्लँकचा वेग वाढतो आणि आकडा उलट दिशेने फसवतो. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील या भरवशावर राहू नका. दर चौरस सेंमीला किमान २० मिली द्रावण घ्या आणि बीकर वॉटर बाथमध्ये स्थिर तापमानाला ठेवा. कडा धरून या पट्टीचे क्षेत्रफळ २१.३ चौ. सेंमी भरते, म्हणजे साधारण ४२५ मिली आम्ल लागेल. कडा सोडून २० चौ. सेंमी धरले, तर क्षरणाचा दर साडेसहा टक्के जास्त येतो.

दुसरी चूक वेळेची. पट्टीवर आधीपासून ऑक्साइडचा थर असतो. तो विरघळेपर्यंत हायड्रोजनचे बुडबुडे तुरळक येतात, मग एकदम जोर धरतात. अर्ध्या तासात चाचणी आटोपली तर जे श्रेय ऑक्साइडचे, ते इनहिबिटरच्या खात्यात जाते. दर दहा मिनिटांनी वायूचे आकारमान मोजले की हे लगेच कळते. २५ अंशांना १ मिग्रॅ ॲल्युमिनियममागे सुमारे १.३६ मिली हायड्रोजन निघतो.

चाचणीनंतर पट्टी धुताना कॉस्टिक सोडा वापरू नका, तो चांगला धातूही खातो. संहत नायट्रिक आम्लात १ ते ५ मिनिटे, खोलीच्या तापमानाला, एवढे पुरते. सोबत न वापरलेली एक पट्टी तशीच धुऊन तिची घट वजा करा. चाचणीआधी पट्टी घासायला सिलिकॉन कार्बाइडचा नवा पेपर घ्या. स्टील वूल नको, आणि तांब्या-पितळेवर फिरवलेला पेपर तर मुळीच नको. द्रावणात तांब्याचे आयन आले की ते ॲल्युमिनियमवर बसतात आणि भोवतीचा धातू झपाट्याने जातो. पट्टी टांगायला काचेचा हूक किंवा नायलॉनचा दोरा वापरा.

पोलादाच्या पिकलिंगसाठी (आम्लाने गंज काढण्यासाठी) मिळणारा इनहिबिटर ॲल्युमिनियमवर तसाच चालेल असे धरू नका. सोडियम सिलिकेट अल्कलीत उपयोगी असला तरी आम्लात त्याची सिलिकाची जेली होते. सोडियम नायट्राइट आम्लात टाकले की तपकिरी, विषारी धूर निघतो. क्रोमेटही नको, षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

कडुनिंबासारख्या वनस्पतींचे अर्क तपासताना अर्कातले इथेनॉल ब्लँकमध्येही तेवढेच घाला. नाहीतर तुलना अर्काची होते की इथेनॉलची, हे सांगता येत नाही. तळाशी गाळ दिसला तर अर्काचा काही भाग द्रावणात उरलेलाच नाही, मग लिहिलेली मात्रा खोटी ठरते.

मिश्रधातूचा क्रमांक नोंदवा. सुमारे ४ टक्के तांबे असलेला २०२४ आणि खिडक्यांच्या सेक्शनचा ६०६३ आम्लात सारखे वागत नाहीत. वजनघट कमी आली तरी पट्टी भिंगाखाली पाहा, कारण खोल खड्डे वजनात फारसे दिसत नाहीत.

हायड्रोजन निघत असताना भांडे बुचाने बंद करू नका. वायू मोजायचा असेल तर नळी ब्युरेटला (मोजखुणांच्या काचनळीला) जोडा. काम फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करा, जवळ बर्नर नको. आम्ल बनवताना सुमारे ८३ मिली संहत (३७ टक्के) हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात सोडा आणि मग पाण्याने १ लिटर करा. आम्लावर पाणी ओतू नका.